खाली ठेवलेली पेली

अम्मानच्या त्या इस्पितळात पुनर्वसन विभागाला कुणी फारसं विचारत नसे. कापाकापीवाल्यांचा रोगी आठवड्यात घरी जाई, नाहीतर वर जाई. इथला रोगी महिनोन्महिने मुक्काम ठोके, आणि जाताना त्याला चमचा धरता आला तरी त्याच्या घरचे अख्ख्या मजल्याला कुनाफा ही पाकातली मिठाई वाटत. डॉक्टर रगद इथे चौथ्या वर्षाची निवासी डॉक्टर होती. चार वर्षांत तिने इतका कुनाफा खाल्ला होता की सकाळी उठल्या उठल्या हाताला पाक लागलेला असे म्हणतात.

आता शेवटची परीक्षा तोंडावर आली होती. तिचा नियम सोपा आणि दुष्ट होता. एक खरा रोगी, तीन परीक्षक. रोग्याने स्वतःसाठी ठरवलेलं एक काम त्याने एकट्याने करून दाखवायचं. मग परीक्षक प्रश्न विचारणार. काम चालू असताना डॉक्टरने त्याला हात लावायचा नाही, खूण करायची नाही, घसासुद्धा खाकरायचा नाही. मागे एकजण शिंकला म्हणून नापास झाला होता. ती शिंक रोग्याला इशारा होती की नुसती शिंक, यावर मंडळ अजून बसलेलं आहे. नापास म्हणजे पुन्हा एक वर्ष, पुन्हा तोच मजला.

रगदच्या वाट्याला आले अबू सत्ताम. मफरकच्या पलीकडच्या वाळवंटातले मोठे शेख, पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडलेले. एके काळी त्यांच्या तंबूत कॉफी कुटायला लागले की त्या ठेक्यावर सीमेपलीकडचे उंट वाट सोडून येत. एक तर पाठीवर पहाऱ्याचा शिपाई घेऊन आला होता, आणि तो शिपाई तीन दिवस पाहुणचार घेऊन गेला.

त्यांचे मुलगे पुष्कळ. रगदने एकदा मोजायला घेतले, पण पाळी बदलली की नवाच चेहरा दिसे, म्हणून तिने नाद सोडला. बापाला एक जण भरवी, दुसरा डगला चढवी, आणि चालवायचं झालं की दोघे दोन बगलांत हात घालून असे उचलून नेत की म्हाताऱ्याचे पाय जमिनीला लागतात की नाही हे कुणाला कळत नसे. घास तेवढा अबू सत्ताम स्वतः गिळत, कारण गिळून द्यायची तोड मुलांना सापडली नव्हती.

रगदला पक्की शंका होती की पायांत बळ परत आलंय, हातातही येईल; नडतंय ते मुलांचं प्रेम. पण शंकेवर कुणी पास करत नाही. तिने बटणांची पाटी आणली, रंगीत खुंट्या आणल्या. थोरला मुलगा सत्ताम दारात उभा राहून बघत होता.

"डॉक्टरीणबाई, बाबांना बटणं लावायला शिकवताय?" तो म्हणाला. "मग आम्ही आमचे हात काय खुंटीला टांगू?"

अबू सत्तामांनी खुंट्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "पोरी, देवाने मला मुलगे दिले, तुला पुस्तकं दिली," ते म्हणाले. "आपापलं वापरू."

असं कितीतरी दिवस चाललं. रगद रोज यायची, मागायची, आणि शेख रोज नाही म्हणायचे. फार अदबीने, आधी कॉफी देऊन. ही कॉफी सत्ताम ओतायचा. डाव्या हातात दल्ला, म्हणजे कॉफीची चोचीची किटली, उजव्या हातात बिनकानाची इवलीशी पेली. रगद उभ्या उभ्या घोट घ्यायची, बस म्हणून पेली हलवायची आणि हात हलवत परत जायची.

परीक्षेला महिनाभर उरला तेव्हा एका दुपारी ती खोलीत शिरली आणि बसली. सत्तामने पेली दिली. तिने घेतली आणि ओठांना न लावता समोरच्या स्टुलावर ठेवून दिली.

खिडकीत दाणे सोलणारा मुलगा थांबला. पाहुण्याने पेली न पिता खाली ठेवली म्हणजे त्याचं काही मागणं आहे, आणि ते पुरं होईपर्यंत तो घरातल्या कशाला शिवणार नाही. अशा पेल्यांवर सोयरिकी जुळल्या आहेत, खून माफ झाले आहेत. नाही म्हणणाऱ्या घरची कॉफी पुढे कुणी पीत नाही.

अबू सत्तामांनी बराच वेळ त्या पेलीकडे पाहिलं. ही अम्मानमधली पोर, इस्पितळाच्या यंत्रातली कॉफी पिणारी. हे हिला कुणी शिकवलं, असं त्यांच्या मनात आलं असणार. पण शेवटी त्यांना रीतीचंच बोलावं लागलं.

"पी तुझी कॉफी. मागशील ते दिलं."

"तुमच्या हातची हवी," रगद म्हणाली. "मुलांनी मध्ये हात न घालता."

शब्द गेला तो गेला. तिघा परीक्षकांना स्वतःच्या हाताने कॉफी देणं, हेच काम शेखांनी परीक्षेसाठी ठरवलं. त्या दिवसापासून मुलगे व्हरांड्यात हात चोळत बसू लागले आणि आत सराव सुरू झाला. दल्ला डाव्या हातात, म्हणजे धडक्या हातात. तिची काही अडचण नव्हती. पेली मात्र उजव्या हातानेच द्यायची, डाव्याने दिली तर पाहुण्याचा अपमान. आणि उजवी बोटं पेलीला सुक्या पानासारखी चिकटत आणि गळून पडत. किती पेल्या फुटल्या याची गणतीच नाही. फरशीवर इतकी कॉफी सांडली की खालच्या मजल्यावरचे रोगी झोपेनात, आणि वेलदोड्याच्या वासाने रस्त्यावरून जाणारे लोक इथे कुणाचं लग्न आहे म्हणून चौकशी करून जात. पण महिना सरता सरता पेली हातात थांबायला लागली.

परीक्षेच्या दिवशी तिघे परीक्षक खुर्च्यांवर बसले. मधले डॉक्टर हाबिस, मूळचे इथल्याच करक गावचे, निम्मं आयुष्य इंग्लंडात काढून आलेले. त्यांचा लौकिक असा की ते प्रश्न विचारायला लागले की भिंतीवरचं घड्याळही अडखळे. रगद भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मुलगे बाहेर.

अबू सत्तामांनी दल्ला उचलली. धार बारीक पडली. उजवा हात थरथरला, पण पेली हाबिसांच्या हातात थेंब न सांडता गेली. हाबिसांनी मान डोलवली, पेली बाजूच्या टेबलावर ठेवली आणि गुण लिहायला पेन काढलं.

अबू सत्तामांनी दल्ला मांडीवर टेकवली. दुसरी पेली भरण्याचं नाव नाही.

"शेखसाहेब, पुढे चालू द्या," हाबिस म्हणाले.

"पाहुण्याचं मागणं काय ते कळू दे आधी."

"माझं काही मागणं नाही."

शेखांची नजर टेबलावरच्या पेलीवर. वेळ चालली होती, अजून दोन पेल्या भरायच्या होत्या. रगदला सगळं समजत होतं आणि एक शब्द बोलायची सोय नव्हती. तिने शिंक आली तर काय, या भीतीने श्वासही रोखून धरला.

मग हाबिसांनी पेलीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. करकच्या माणसाने भर बैठकीत हे करावं, ही गोष्ट गावी कळली असती तर त्यांच्या चुलत्यांनी त्यांना पुन्हा विलायतेला पाठवलं असतं. आता नुसती उचलून पिणं म्हणजे मागायला येऊन पळून जाणं. काहीतरी मागणं भाग होतं. आणि माणूस पडला परीक्षक. त्याच्या मागण्यातही परीक्षाच निघाली.

"शेख," ते म्हणाले, "निघताना मला दारापर्यंत सोडायला तुम्ही स्वतः यावं. एकट्याने."

बगलेत मुलं नसताना म्हातारा एक पाऊल चाललेला कुणी पाहिला नव्हता. पडला तर तिचं वर्ष त्याच्याबरोबर पडणार होतं.

"प्या तुमची कॉफी," अबू सत्ताम म्हणाले. "दिलं."

हाबिसांनी कॉफी पिऊन पेली हलवली. शेखांनी उरलेल्या दोघांना कॉफी दिली, सावकाश, जणू पुढे काही व्हायचंच नव्हतं. तिघांच्या पेल्या परत आल्या तेव्हा त्यांनी दल्ला खाली ठेवली, शेजारी कधीची पडून असलेली चौपायी काठी डाव्या हातात घेतली आणि उठले. काचेपलीकडे सत्ताम पुढे झेपावला. त्याला भावांनी धरून ठेवलं. एका भावाला दुसऱ्याने, दुसऱ्याला तिसऱ्याने. व्हरांडाभर साखळी लागली होती.

उजवा पाय घासत येत होता, पण येत होता. पलंगाशी ते थांबले, श्वास घेतला, पुन्हा निघाले. परीक्षक बिचारे मागून शाळकरी पोरांसारखे रांगेत. दार आलं. अबू सत्तामांनी पाहुण्यांना बाहेर काढलं, उंबऱ्यावर उभं राहून सगळ्यांच्या घरच्यांची खुशाली विचारली आणि देवाच्या स्वाधीन केलं.

"आता प्रश्न," असं म्हणत हाबिस आत यायला वळले. शेख उंबऱ्यातून हलले नाहीत.

"साहेब, तुम्हाला निरोप दिला मी," ते म्हणाले. "निरोप घेतलेला पाहुणा लगेच परत आत येतो, अशी रीत करकला निघाली असेल तर मला ठाऊक नाही."

हाबिस थबकले. हातात प्रश्नांची जाडजूड चळत होती. मणक्यामणक्यातली एकेक नस त्यात होती, आणि निम्म्या नसा रगदला त्या घटकेला आठवत नव्हत्या. त्यांनी म्हाताऱ्याच्या खांद्यावरून आत रगदकडे पाहिलं आणि चळत काखेत मारली.

"एकच विचारतो, इथूनच," ते म्हणाले. "यांना चालायला कधी शिकवलंस?"

"मी नाही शिकवलं, सर," रगद म्हणाली. "मी फक्त मुलांना बाहेर बसवलं."

हाबिसांनी दाराच्या चौकटीला गुणांचा कागद टेकवून 'पास' लिहिलं, सही केली आणि बाकीच्या दोघांनाही करायला लावली. परीक्षक जिन्याकडे वळेपर्यंत अबू सत्ताम ताठ उभे होते. ते वळल्यावर मात्र शेख मागे न बघता म्हणाले, "पोरी, खुर्ची."

रगदने खुर्ची सरकवली. आता हात लावायला हरकत नव्हती.