बंद असताना बोलणारे शटर

सोमवारी सकाळी साडेआठ वाजता चष्मेदुरुस्तीच्या दुकानाचा थोरला मालक काळ्या रंगाचा डबा घेऊन आला आणि माझ्या छातीवर त्याने हातभर रंग फासला. थोड्याच वेळात एका वाटसरूने माझ्यासमोर फोन धरला. फोनमधून थोरल्याच्या वारलेल्या वडिलांचा आवाज आला, नेहमीसारखाच स्वच्छ. थोरल्याने ब्रश गटारात भिरकावला.

मित्रांनो, मी त्या दुकानाचे जुने शटर आहे. लोखंडी पट्ट्यांचे, गुंडाळून वर जाणारे. मला बसवणाऱ्याने पहिल्याच दिवशी माझी एक पट्टी वाकडी केली, तेव्हापासून मी करकरते. दुकान ज्यांनी काढले त्यांना सारी गल्ली बाबा म्हणे. त्यांनी मला तेल वेळेवर दिले, त्यामुळे त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाबा मला आतून खाली ओढत आणि परगावी नोकरीला गेलेल्या धाकट्या मुलीला फोनवर निरोप रेकॉर्ड करून पाठवत. कोणाच्या काडीचा स्क्रू हरवला, कोणते आजोबा बायकोचाच चष्मा घालून आले आणि दिसत नाही म्हणून भांडले, असले निरोप. बोलता बोलता हातोडीने बिजागरी ठोकत. ते सगळे आधी मी ऐकले, मग तिने.

बाबा गेल्यावर दुकान थोरल्याच्या आणि धाकटीच्या, दोघांच्या नावावर झाले. थोरला बाबांच्या हाताखाली तयार झालेला, त्याने दुकान चालवायला घेतले. धाकटी सिनेमांसाठी आवाज जुळवण्याचे काम करते. एका साप्ताहिक सुट्टीला ती आली आणि भावाला न विचारता माझ्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा भलामोठा क्यूआर कोड रंगवून गेली. त्यावर फोन धरला की इंटरनेटवरचे एक पान उघडते आणि बाबांच्या जपून ठेवलेल्या निरोपांपैकी एक वाजतो. ऐकणाऱ्याला खाली आपलाही आवाज जोडता येतो. ते पान उघडायला दुसरी वाट तिने ठेवलेली नाही.

लोकांनी आवाज जोडले. एका नृत्यशिक्षिकेने हातोडीच्या टकटकीवर आपल्या वर्गाची पावले बसवली. एक निवृत्त परिचारिका रोज येते आणि निरोपाला उत्तर देते, जणू समोर माणूस बसला आहे. मला याचे कौतुक नाही. गुंडाळताना तो रंग खरवडतो आणि त्याचे पापुद्रे माझ्याच खाचांत अडकतात.

दुकान उघडे असले की मी वर गुंडाळलेले असते. म्हणजे बाबांना ऐकायचे तर दुकान बंद हवे.

भांडण एका निरोपावरून पेटले. त्यात बाबा म्हणतात, "थोरल्याच्या हाताला घाई आहे. नीट काडी दिली तरी मोडून परत देतो." गल्लीला हे वाक्य फार आवडले. गिऱ्हाइके चष्मा पुढे करताना म्हणू लागली, "मोडू नकोस हं, बाबांनी बजावलंय." थोरला आधी हसला. मग जुन्या गिऱ्हाइकांपैकी एका मुख्याध्यापिकेने त्याच्या हातातली फ्रेम परत घेतली आणि ती पलीकडच्या चौकातल्या दुकानात गेली. त्या दिवशी त्याने बहिणीला बोलावून घेतले.

"तेवढं एक वाक्य काप," तो म्हणाला.

"बाबांचं बोलणं मी कापणार नाही."

"मग दिवसभर सिनेमात काय करतेस? कापाकापीच ना?"

"तिथं लोक लिहून दिलेलं बोलतात, दादा."

"आणि इथं बसून पोट मी भरतो. तू बाबांना वर चढवलंस आणि मला चव्हाट्यावर आणलंस."

"त्याच्या पुढचं ऐकलंस का?"

"ऐकलं तेवढ्यानं पोट भरलं."

"मग वाटेल तेव्हा बाहेर उभा राहून ऐक, सगळ्यांसारखा. घरपोच मिळणार नाही."

पुढचे मला माहीत आहे. बाबा म्हणतात, "पण हल्ली गिऱ्हाईक त्यालाच विचारतं. मी पुढं झालो तर म्हणतात, राहू द्या, त्याला येऊ दे. बसलोय बाकावर, पाहुण्यासारखा." मग हातोडी वाजते आणि निरोप संपतो. लोक पहिल्या वाक्याला हसतात आणि फोन खिशात घालतात. तिथवर थांबते ती फक्त परिचारिका. त्या निरोपाला तिने कधी उत्तर दिलेले नाही. धाकटीला हे सगळे ठाऊक आहे आणि ती भावाला सांगत नाही.

सोमवारचा रंग वाया गेला, कारण असा कोड थोडा पुसला तरी वाचता येतो. मंगळवारी कोणीतरी थोरल्याला शिकवले की कोपऱ्यातले मोठे चौकोन मोडावे लागतात. त्याने ते मोडले. भांडणानंतर गावातच थांबलेल्या धाकटीने रात्री दुकान बंद झाल्यावर ते पुन्हा रंगवले. बुधवारपासून त्याने मला खाली ओढणेच बंद केले. आतल्या काचेच्या दाराला कुलूप लावतो आणि दुकानातच झोपतो. जेवायलाही घरी जात नाही.

त्याची बायको डबा घेऊन आली. "अहो, चष्म्याच्या दुकानाला कसला पहारा देताय? चोर आला तर त्याचा नंबर तपासणार आहात?"

"शटर पाडलं की बाबा बोलायला लागतात."

"ते होते तेव्हा तुम्ही दोघं कधी बोललात?"

त्याने डबा उघडला. ती थांबली नाही.

परिचारिका येते, वर माझ्या गुंडाळीकडे बघते. "आज बंद नाही का?" ती विचारते.

"आमच्याकडे आता बंद नसतं," थोरला सांगतो.

मित्रांनो, मी कोणाची बाजू घेणार नाही. दोघांनीही मला तेल दिलेले नाही. माझे मागणे एवढेच आहे: गेलेल्या माणसाचा आवाज दारावर टांगण्याआधी, त्या दाराआड कोण पोट भरते ते बघा. आणि ज्या बोलण्याचा राग येतो, ते अर्ध्यावर सोडू नका.

आज दुपारी थोरल्याने जाळीचे शटर बसवणारा कारागीर बोलावला. जाळीवर काही रंगवता येत नाही. माप घेण्यासाठी कारागिराने मला खाली ओढले. मी करकरले, रंगाचे तुकडे पायरीवर पडले, पण कोड शाबूत आहे.

"हे भंगारात काढायचं ना?" कारागिराने विचारले.

थोरला रस्त्यावर माझ्यासमोर उभा आहे. त्याने खिशातून फोन काढला आहे. तो कोणाला लावण्यासाठी काढला की माझ्यासमोर धरण्यासाठी, हे या घटकेपर्यंत कळलेले नाही.