गुवाहाटीचं भाडं

"ट्रकानं? डॉक्टर होणारी पोरगी तू ट्रकात बसवून नेणार?" अजहरनं हातातली बशी खाली ठेवली.

रियाजनं मेहुण्यापुढे पानाचा डबा सरकवला. हे खूळ त्याच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं, लेकीच्या, मनतशाच्या डोक्यातून निघालं होतं, आणि ती आतल्या खोलीत ट्रंक भरत होती.

मनतशाला ऑल इंडियाच्या यादीतून सरकारी मेडिकलची जागा लागली होती, पण गुवाहाटीला. औशातल्या त्यांच्या गल्लीत आनंद जेमतेम अर्धा दिवस टिकला. मग कुणीतरी शाळेच्या पुस्तकातला नकाशा उघडला, औशापासून गुवाहाटीपर्यंत बोट फिरवलं आणि सगळे गप्प झाले. तिची आई दिलशाद तोंडाला पदर लावून बसली. त्या घरातली एकही बाई आजवर हैदराबादच्या पुढे गेली नव्हती. अजहरचं म्हणणं, जागा सोडा, अजून एक वर्ष क्लास लावा, जवळपास कुठंतरी लागेल.

एकटा रियाज खुशीत होता. गुवाहाटी त्याच्यासाठी नकाशाच्या टोकाचा ठिपका नव्हता. लातूरच्या गुरुबसप्पा शेटजींची तूरडाळ घेऊन तो वीसेक वर्षं तिकडे जात होता. कुठल्या गावात पाणी गोड, कुठल्या ढाब्यावरच्या म्हातारीला आपलं नाव ठाऊक, कुठल्या घाटात गाडी कशी रडते, हे त्याला औशाच्या बाजारपेठेइतकं माहीत होतं. पोरगी परमुलखात चालली असं त्याला वाटतच नव्हतं. आपल्याच रानाच्या दुसऱ्या बांधावर चाललीय, असं वाटत होतं.

रेल्वेचं रिझर्वेशन मिळेना, ही एक अडचण. पण खरं कारण मनतशानं आईसमोर सांगितलं होतं.

"माझ्या जन्मापासून अब्बा रस्त्यावरच राहत आलेत. ते राहतात कुठं, एकदा मला बी बघू दे."

जन्मापासून, हे अगदी खरं. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा दिलशादला दिवस भरत आले होते. घराची मागची भिंत बसली, गल्लीतली माणसं शेतात उघड्यावर राहायला गेली आणि तिथंच ताडपत्रीखाली, पावसाच्या झडीत, ही पोर जन्मली. रियाज तेव्हा भरली गाडी घेऊन आसामात होता. भूकंपाची बातमी त्याला ढाब्यावरच्या रेडिओनं सांगितली आणि पोरीची बातमी औशाच्या वेशीवर भेटलेल्या टांगेवाल्यानं. 'पोरगी भूकंपात, बाप आसामात,' असं दिलशाद येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. रियाज सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. त्या हसण्याखाली काय होतं, ते नवराबायको दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही ते उकरत नसत.

पुढे दहावीला मनतशाला मार्क पडले आणि ती लातूरला गेली. तोवर लातूर पार बदललं होतं. जिथं डाळमिलांच्या पाट्या असायच्या तिथं क्लासच्या पाट्या आल्या, घराघरांवर एकेक मजला चढला आणि प्रत्येक खोलीत तीन-तीन पोरी पाठांतर करू लागल्या. मनतशाही त्यातलीच एक. निकाल लागला तसा क्लासवाल्यांनी चौकात तिचा फोटो लावला. खालून जाणाऱ्याला तो मान वर करून बघावा लागे. रियाजला मात्र केबिनमध्ये बसल्या बसल्या पोरगी अगदी समोरासमोर दिसली. मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून चौक डोक्यावर घेईपर्यंत त्यानं गाडी हलवली नाही.

रियाजचा क्लिनर तेवढ्यात हैदराबादला दुसऱ्या कामाला लागला होता. तेव्हा क्लिनरच्या जागेवर मनतशा बसली. लातूरच्या मोंढ्यात डाळीची पोती भरली, ताडपत्री आवळली आणि नांदेड मागे टाकून गाडी नागपूरच्या रस्त्याला लागली.

घरात दखनी बोलणारे हे बापलेक रस्त्यावर मुद्दाम मराठीत बोलत. म्हणजे पुढच्या मुलखात आजूबाजूच्या कुणाला काही कळायचं नाही. रियाजच्या तोंडाला तर खळच नव्हता. घरी आला की दोन दिवस झोपणारा आणि तिसऱ्या दिवशी निघून जाणारा हा माणूस इतकं बोलू शकतो, हे मनतशाला नवीन होतं. छत्तीसगडातल्या एका ढाब्यावर त्याला बघताच आचाऱ्यानं न सांगता कमी तिखटाची भाजी टाकली. ओडिशात डोंगर उतरताना पहाट झाली, खालचं सगळं रान धुक्यात बुडालेलं होतं. रियाजनं गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं आणि तिला ते बघू दिलं.

"रोज असं दिसतं?" तिनं विचारलं.

"न्हाई. पण दिसंल म्हणून माणूस निघतो."

सगळंच असं नव्हतं. पहिल्या दिवशीच रियाजच्या ध्यानात आलं की बाईमाणसानं रस्त्यावर जायचं कुठं, याचा त्यानं इतक्या वर्षांत एकदाही विचार केला नव्हता. मग तो ढाब्यावर उतरला की आधी मालकाच्या घरातल्या बायकांची चौकशी करी. बहुतेक ठिकाणी आतलं दार उघडलं. कुठं उघडलं नाही, तर पोरगी दात आवळून पुढच्या गावापर्यंत बसली; तक्रार केली नाही.

आणि एक नाका आला. तिथल्या पोरगेल्या शिपायानं रियाजला अरेतुरे करत खाली उतरवलं. कागद बघितले, पुन्हा बघितले, उन्हात उभं केलं, गाडीत पोरगी कोण म्हणून विचारलं आणि लेक म्हटल्यावर हसला. रियाज हात बांधून उभा राहिला. तोंडावरचं हसू त्यानं ढळू दिलं नाही. मनतशा केबिनमधून बघत होती.

गाडी सुटली, नाका मागं पडला.

"तुम्हाला राग येत न्हाई का, अब्बा?"

"येतो की. पण राग धरून गाडी चालवली का स्टेअरिंग वाकडं जातं. त्यो तिथंच उभा हाय उन्हात. आपण पुढं आलो."

ती हसली नाही. तिनं बाटलीतलं पाणी त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते एका हातानं घेतलं आणि सगळं पिऊन टाकलं.

बंगाल संपत आला तसा पाऊस वाढला आणि आसामच्या हद्दीच्या अलीकडे रांग लागली. पुढं एका पुलाचा भराव पुरात वाहून गेला होता. जिथवर नजर जाईल तिथवर ट्रकच ट्रक. ड्रायव्हरांनी स्टोव्ह काढले, कुणी कपडे वाळत घातले. एक रात्र गेली, दुसरा दिवस उजाडला. ही माणसं थांबणं जाणतात. रियाजही जाणत होता, पण आज त्याला बसवेना. उद्या संध्याकाळपर्यंत मनतशा कॉलेजात हजर झाली नाही तर जागा जाणार होती.

रस्त्याला समांतर उंच भरावावरून रेल्वेचा रूळ गेला होता, आणि रूळ शाबूत होता. अलीकडे दोन कोसांवर लहानसं स्टेशन. दुपारची पॅसेंजर गुवाहाटीला जाते, असं कळलं. रियाजनं पुढच्या ट्रकातल्या सरदारजीला गाठलं आणि गाडीची चावी त्याच्या हातात ठेवली. दोन-तीन दिवस सांभाळ म्हणाला. सरदारजी चावीकडे बघतच राहिला. भरली गाडी अनोळख्याच्या हवाली करणारा ड्रायव्हर त्यानं बघितला नव्हता. रियाजनंही बघितला नव्हता. भूकंपाच्या बातमीनंतरसुद्धा त्यानं आधी माल उतरवला होता, मग गाडी घराकडे वळवली होती.

तो परत आला तेव्हा मनतशा ट्रंक उतरवून खाली उभी होती. चावी कुठं आहे, असं तिनं विचारलं. सरदारजीकडे आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "ती परत आणा."

"माल गेला तर गेला," रियाज म्हणाला. "एकदा चुकलो, आता न्हाई चुकणार."

"कोण म्हणतं चुकलात? अम्मी गंमत करती." मनतशानं ट्रंकेवरचा हात काढला नाही. "तुम्ही गाडी सोडून आलात तर माझं तिथं ध्यान लागणार न्हाई. सारखं वाटंल, गाडी तिकडं, माल तिकडं. इथवर तुम्ही आणलं. पुढं मी जाते."

"एकटी?"

"रस्ता बघितला की मी. माणसं बी बघितली."

पोरीला आपण रस्ता दाखवतोय असं तो इतके दिवस समजत होता; ती रस्ता शिकून घेतेय हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं चावी परत आणली. मग मात्र हातपाय हलवले. रांगेत अडकलेल्या एका बसमध्ये गुवाहाटीच्या एक शिक्षिका होत्या, बरुआबाई. त्याही पॅसेंजरच धरणार होत्या. त्यांच्याशी बोलून घेतलं. डाळ जिथं उतरायची त्या गुवाहाटीच्या गुदामातल्या म्हाताऱ्या मुनीमजींना फोन लावला. लेक येतेय म्हटल्यावर त्यांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. मी आणि माझी घरवाली स्टेशनवर उभे असू म्हणाले. इतक्या वर्षांत रियाजनं रस्त्यावर काय कमावलं, ते त्या एका फोनमध्ये होतं.

सायकल-रिक्षावर ट्रंक त्यानं स्वतः बांधली. गाठ दोनदा ओढून बघितली. मनतशानं त्याच्या छातीवर डोकं टेकवलं. घामाचा, डिझेलचा वास होता. तिनं खोल श्वास घेतला आणि बरुआबाईंच्या शेजारी जाऊन बसली. रिक्षा ट्रकांच्या रांगेतून वाट काढत गेली. दिसेनाशी होईपर्यंत तिनं मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर तो मागोमाग गेला असता, हे तिला कळलं असावं.

रियाज गाडीवर चढला आणि पोत्यांवरच्या ताडपत्रीवर बसला. सरदारजीनं खालून विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, लेक आहे, डॉक्टर व्हायला चाललीय. सरदारजीनं ते पुढच्या ट्रकवाल्याला सांगितलं, त्यानं त्याच्या पुढच्याला.

दुपार कलली तेव्हा पॅसेंजर आली. भरावावर पाणी लागलेलं, म्हणून चालत्या माणसाच्या चालीनं येत होती. रियाज उभा राहिला. प्रत्येक खिडकीत माणसं, प्रत्येक दारात माणसं. त्यातली कुठली आपली, काही केल्या कळेना. तेवढ्यात सरदारजीनं हॉर्न दिला. लांब, एकसारखा. मग त्याच्या पुढच्यानं दिला. मग रांगच्या रांग वाजू लागली, पार पुढं वाहून गेलेल्या पुलापर्यंत. गाडीतले लोक वाकून बघू लागले, कसला गोंधळ म्हणून. एका खिडकीतून एक हात बाहेर आला आणि तसाच राहिला.

तो तिचाच असेल असं रियाजनं ठरवून टाकलं.

शेवटचा डबा गेला. हॉर्न एकेक करून थांबले. खाली कुणीतरी चहा टाकला होता, रियाजला हाक आली. आलो, म्हणाला तो. पण उतरला नाही. पावसानं ताडपत्रीची एक दोरी सैल पडली होती. ती त्यानं सोडली, आणि पाय रोवून पुन्हा नीट आवळायला घेतली.