भिंतीआड राहिलेलं उत्तर

मी समाजमंदिराच्या दारावर टांगलेला राउटर बोलतोय. उमापूरच्या पुढे आमची वस्ती. इथे मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे बोलायचं तर माझ्याच पायरीशी यावं लागतं. दिवाळी सरली की निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते आणि मागे राहिलेले संध्याकाळी फोन घेऊन माझ्याकडे येतात.

माझ्याकडे वाट एकच आणि बोलणारे फोन पुष्कळ. पण फोनांना रीत आहे. आधी कानोसा घ्यायचा, दुसरा बोलत असेल तर गप्प राहायचं. दोघांचं एकदम निघालंच, तर आपापल्या मर्जीने थोडं कमी-जास्त थांबून पुन्हा सांगायचं. ग्रामसभेत ही रीत मी अजून पाहिलेली नाही.

अडचण माणसांची आहे. दूर गेलेल्या लेकरांशी बोलताना डोळे भरतात. ते चारचौघांत दिसू नयेत म्हणून कुणी या भिंतीआड बसतं, कुणी त्या. मधल्या दगडी भिंतींमुळे फोनांना एकमेकांचा कानोसाच लागत नाही. दोघांनाही वाटतं वाट मोकळी आहे, दोघंही बोलत सुटतात आणि माझ्या कानी नुसता गलका येतो.

त्या संध्याकाळी सुभद्राबाई एका भिंतीआड होती. पलीकडच्या भिंतीआड धर्मराज आपल्या भावाशी व्हिडिओवर बोलत होता. सुभद्राबाईची लेक करिष्मा पोटुशी असूनही नवऱ्याबरोबर तोडीला गेली होती.

"आई, लई दुखतंय. गावाकडं येऊ का?" तिने फोनवरून विचारलं.

सुभद्राबाईने उत्तर दिलं, पण धर्मराजचा फोनही तेव्हाच बोलत होता. मला दोन्हीतलं काहीच उमगलं नाही, मग पुढे काय पाठवणार? तेवढ्यात करिष्माचा फोन बंद पडला. तोडीवरच्या कोपीत, त्या उसाच्या पाचटाच्या झोपडीत, लाइट कुठली, चार्जिंग संपलं असेल.

लेक येणार म्हणून सुभद्राबाई घरी जाऊन डिंक कुटत बसली. करिष्मा मात्र सकाळी पुन्हा ऊस तोडायला गेली. तिथेच ती गेली, पोटातल्या बाळासकट.

दहावा झाल्यावर सुभद्राबाई माझ्या पायरीवर येऊन बसली. शेजारच्या बबिताला म्हणाली, "म्या ये म्हणलं व्हतं. तशीच निघ म्हणलं. न्हाई ऐकलं पोरीनं."

ते ऐकून माझा जीव तुटला. माझे दिवे लुकलुकत राहिले, पण त्याला बोलणं कोण म्हणतं?

आता ती इकडे फिरकत नाही. बाकीचे अजूनही भिंतीआडच बसतात. बाबांनो, पायरीवर एकमेकांसमोर बसा. रडू आलं तर येऊ द्या. आणि सुभद्राबाईला कुणीतरी जाऊन सांगा, करिष्माने तिचा शब्द मोडला नव्हता. तिला तो ऐकूच गेला नव्हता.