मोरपंखी पिकअप

आमच्या ह्यांना एखादं काम घरच्या घरी करायची हुक्की आली की मला आधी मळमळायला लागतं, काम कुठलं ते नंतर कळतं. मागे ह्यांनी मोरीचं तुंबलेलं भोक स्वतः हात घालून मोकळं केलं आणि तोच हात जेमतेम झटकून माझ्यापुढे शेंगदाणे धरले. या वेळी परसातली पिकअप होती.

ही पिकअप म्हणजे आमच्या घराचा वास. वर्षानुवर्षं ह्यांनी तिच्यातून मासळी वाहिली. धक्क्यावर भरायची, हॉटेलांत उतरवायची. बर्फ वितळायचा, खारं पाणी हौद्याच्या फटींतून खाली झिरपायचं, आणि गाडीवर बादलीभर पाणी मारायचं सोडून स्वारी आधी जेवायला बसायची. पुढे ह्यांनी तो धंदा सोडला, शीतगृहात मुकादम म्हणून लागले. वास मात्र परसातच राहिला. गल्लीतल्या मांजरी बाळंतपणाला तिच्याखाली यायच्या.

मग माझ्या धाकट्या भावाने फरश्यांचं दुकान टाकलं आणि त्याला मालासाठी गाडी हवी झाली. टेकडीवरच्या कारखान्यात फरश्या भरायच्या आणि उतारावरून खाली दुकानात आणायच्या, असा रोजचा फेरा.

"गाडी घरचीच आहे की," हे म्हणाले. "जुना रंग काढतो, नवा मारतो आणि देतो त्याला. मेव्हण्याकडून पैसे थोडेच घेणार?"

मला भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू. माहेरच्या माणसासाठी हे आपण होऊन हात हलवताहेत, हा प्रसंग आमच्या संसारात नवीनच होता.

रंग काढायचं औषध फार वाईट. ब्रशने पत्र्यावर फासायचं आणि थोडं थांबायचं. रंग फुगतो, सुरकुततो आणि दुधावरच्या सायीसारखा सुटून येतो. मग तो पत्र्याच्या उलथन्याने खरवडायचा. "तुझ्याच भावासाठी चाललंय," असं म्हणून ह्यांनी एक उलथनं माझ्या हातात दिलं. तेव्हापासून मी चहावरची साय काढून टाकते, आणि टाकतानासुद्धा तिकडे बघत नाही.

वरचा पांढरा रंग निघाला, खाली निळा लागला, आणि दोन्हींच्या मधे माशांचे खवले. नखाएवढे, पिवळे पडलेले, रंगात रुतून बसलेले. म्हणजे मागच्या खेपेला ह्यांनी गाडी न धुताच रंग मारला होता! मी विचारलं तर म्हणतात, "अगं, त्याने चमक येते."

घरात तर विचारू नका. अंथरुणात रंगाच्या खपल्या. पिण्याच्या पाण्यावर थिनरचा तवंग. हे नाक शिंकरायचे, त्यातून गंजाचा तांबडा चिखल निघायचा, आणि तो पुसायला ह्यांना माझाच टॉवेल सापडायचा. नखांत पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी घेऊन जेवायला बसायचे आणि बोटं चाटून उठायचे. माझं चहाचं गाळणं रंग गाळायला गेलं. परत आलं ते मोरपंखी होऊन. "धुतलंय मी," म्हणाले. मी ते चिमटीत धरून कचऱ्यात टाकलं, तर हे दिवसभर फुगून बसले.

हे सगळं मी गिळलं. भावासाठी गिळलं.

हौदा झाला, दारं झाली, मग मी खाली बसून गाडीचा तळ खरवडायला घेतला. तळाशी लांबीने दोन जाड लोखंडी तुळया असतात, त्यांना चासी म्हणतात. वर माल असो की माणसं, सगळं त्या दोन तुळयांवर उभं असतं. मागच्या चाकाजवळ माझं उलथनं कशालाही न अडता आत गेलं, लाकडी मुठीपर्यंत. बाहेर ओढलं तर आतून काळपट, चिकट पाणी गळायला लागलं. त्या पाण्याला असा वास होता की मी तिथेच कुशीवर वळून ओकारी काढली. बोट लावलं तर लोखंडाच्या पापडासारखा तुकडा निघाला. खाऱ्या पाण्याने आतून सगळं खाल्लं होतं.

मी ह्यांना हाक मारली. हे आले, वाकले, भोकात डोळा घालून पाहिलं.

"हात्तिच्या! एवढंच ना?"

आणि ह्यांनी अंगातलं बनियन काढलं. घामाने पिवळं झालेलं, बगलेत फाटलेलं. त्याचा बोळा केला आणि अंगठ्याने दाबत दाबत त्या भोकात कोंबला. वरून पुट्टीचा लपका मारला आणि तळहाताने सारखा केला. उघड्या अंगाने, पोटावर पुट्टी माखलेले माझे पतिराज माझ्याकडे बघून हसले.

"अहो, वेल्डरला बोलवा," मी म्हटलं. "फरश्या भरणार आहे तो यात."

"वेल्डर कशाला बोलवू? तो म्हणेल, चासीच गेलीय, गाडी भंगारात घाला."

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. मी शोध लावला असं मला वाटत होतं, आणि ह्यांनी गाडी फुकट देऊ केली ती मुळात याचसाठी. भंगारात घालायची ती माझ्या भावाच्या गळ्यात घालायची, वर उपकारही करायचा. इतके दिवस मला त्यांच्या नखांची आणि नाकाची किळस येत होती. ती आंघोळीने जाण्यासारखी होती. ही कशाने जाणार होती?

मी भांडले. हे म्हणाले, "पुट्टी वाळली की दगड होते, तुला काय कळतं त्यातलं?" मी म्हटलं, "मी त्याला सांगणार." हे म्हणाले, "सांग." इतक्या निवांतपणे म्हणाले की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मोरपंखी रंगाचे हात बसले. गाडी अशी झळकायला लागली की शेजारची माणसं कुंपणावरून माना काढून वाखाणायला लागली. ह्यांची छाती फुगली. मी मात्र त्या बाजूची खिडकी बंद ठेवायला लागले.

गाडी न्यायला भाऊ आला. सोबत त्याने नेमलेला ड्रायव्हर होता, पावाच्या गाडीवरची नोकरी सोडून आलेला, अंगात धुतलेला इस्त्रीचा शर्ट. ह्यांनी त्याला गाडी दाखवायला नेलं. मी भावाला स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटलं आणि सगळं सांगितलं. उलथनं, काळं पाणी, बनियन, सगळं.

तो बशीत चहा ओतून फुंकर मारत होता.

"माहितेय गं ताई. दाजींनी फोनवरच सांगितलंय."

"आणि तरी नेतोयस? डोकं फिरलंय का तुझं? भरल्या गाडीने उतारावरून यायचंय!"

"मी थोडाच चालवणार आहे?" तो म्हणाला. "त्यासाठी तर ड्रायव्हर ठेवलाय." भुरका मारून त्याने बशी पुढे केली. "साखर कमी पडलीय बघ."

या पोराचा शेंबूड मी लहानपणी माझ्या फ्रॉकने पुसलाय. तेव्हा कधी किळस आली नाही. आता त्याच्या मिशीला लागलेल्या चहाकडे मला बघवेना. मी साखरेचा डबा त्याच्यासमोर आपटला आणि परसात गेले.

हातात किल्ली घेऊन ड्रायव्हर गाडीभोवती फिरत होता. रंगाला हात लावायच्या आधी त्याने तळवा पँटला पुसला. "झकास काम झालंय, ताई," तो मला म्हणाला. "अशी गाडी हातात मिळाली की माणूस जपूनच चालवतो."

"तिच्या चासीत लोखंड नाही," मी म्हटलं. "ह्यांचं बनियन आहे."

तो खळखळून हसला. मग त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. हे हसत नव्हते. मिशी पुसत माझा भाऊ दारात आला होता, तोही हसत नव्हता. ड्रायव्हरचं हसू चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं आणि मग गेलं.

मला वाटलं, आता हा किल्ली फेकेल आणि चालू पडेल. त्याने किल्ली मुठीत आणखी घट्ट धरली.

"शेठ," त्याने माझ्या भावाला विचारलं, "माल थोडा कमी भरला तर चालेल ना?"

"चालेल की! सावकाश आणायचं, बस. आमच्या ताईला उगाच घाबरायची सवय आहे."

ड्रायव्हर माझ्या नजरेला नजर न देता म्हणाला, "पावाच्या गाडीवर माझ्या जागी त्यांनी दुसरा माणूस घेतला, ताई." एवढं बोलून तो आत बसला आणि त्याने गाडी सुरू केली. माझ्या भावाने खिशातून मोबाइल काढून त्या मोरपंखी गाडीचा फोटो घेतला.

मी फाटकात जाऊन उभी राहिले, गाडीच्या तोंडासमोर.

"अगं, बाजूला हो," हे खेकसले. "चारचौघांत तमाशा नको."

कुंपणापाशी माना जमल्याच होत्या. मला कोणाची भीड वाटली नाही. घशाशी आलेलं किती दिवस गिळायचं?

"होते बाजूला," मी म्हटलं. "कोपऱ्यात उरलेल्या विटा पडल्यात, त्या हौद्यात भरा. त्यांच्यावर तुम्ही बसा. तुमच्या शेजारी हा माझा भाऊ बसेल. टेकडीवर जा आणि उतारावरून तुम्हा दोघांना घेऊन ड्रायव्हर खाली येऊ दे. आलात की मी स्वतः फाटक उघडून धरते."

ह्यांनी माझ्या भावाकडे पाहिलं. माझा भाऊ मोबाइलमध्ये बघायला लागला.

"चढा ना," मी म्हटलं. "पुट्टी दगड झालीय म्हणता ना?"

इंजिन चालू होतं. कुंपणापलीकडे कोणीतरी खाकरलं. हे उगाचच नखांतली वाळलेली पुट्टी कोरत राहिले आणि माझ्या भावाने पाय जरासा मागे घेतला.

ड्रायव्हर आरशातून दोघांकडे बघत होता. त्यांच्यापैकी एक जरी हौद्यात चढला असता तरी तो निघाला असता, असं मला आजही वाटतं. मग त्याने इंजिन बंद केलं.