अंगणातली बोर

तीन दिवसांचं सरपंच प्रशिक्षण आटोपून ममता यवतमाळहून तांड्यावर परतली, तेव्हा तिच्या अंगणात राखेसारखा पांढरा चिखल पसरला होता. चिखलाच्या मधोमध जाडजूड निळा पाईप वर आला होता आणि त्यावर उलटी बादली ठेवली होती. सासरे खेमसिंग खाटेवर बसून त्या पाईपाकडे असे पाहत होते, जणू घरात नातू झालाय.

"एकशेऐंशी फुटावर पाणी लागलं," ते म्हणाले. "अडीच इंची धार."

"बापू, कोणी मारली ही बोर?"

"राजकुमार शेठनं. बोरची गाडी पाठवून देल्ली त्याईनं. म्हणे, सरपंचबाईच्या घरी पाणी नाई, बरं दिसत नाई."

ममताच्या खांद्यावरची बॅग खांद्यावरच राहिली. राजकुमार शेठ दिग्रसचा, खडी-गिट्टीच्या धंद्यातला. तांड्यामागच्या टेकडीवर त्याला खदान काढायची होती आणि त्यासाठी ग्रामसभेचा ना हरकत ठराव हवा होता. आठ दिवसांनी सभा होती. सुरुंगांनी टेकडीखालची घरं तडकणार म्हणून ममताचा नकार मनात पक्का होता, फक्त तिनं तो अजून बोलून दाखवला नव्हता. आणि कालच प्रशिक्षणात एका मॅडमनं दोन तास सांगितलं होतं, ठेकेदाराचा चहासुद्धा विचार करून प्यावा.

"तुमी नाई काहून नाई म्हटलं?"

"पाण्याले कोणी नाई म्हणते का? तुह्या सासूची अर्धी उमर हंड्याखाली गेली."

सासू सुखीबाई ओट्यावर गुपचूप बसली होती. नवरा लखन म्हणाला, मी तं वावरात होतो, मले काही माहीत नाई. शेजारच्या जमनीनं संध्याकाळी सांगितलं की बोर कुठं मारायची ती जागा लखननंच दाखवली, वर नारळही त्यानंच फोडला. दुसऱ्या दिवशी नळासकट मोटर आली. तीही शेठचीच.

तिसऱ्या दिवशी ममता दिग्रसला शेठच्या ऑफिसात गेली. त्यानं उठून खुर्ची दिली, चहा मागवला. तिनं कपाला हात लावला नाही.

"शेठ, तुमची बोर परत घ्या."

"बाई, साडी असती तं घेतली असती. भोक कसं परत घेऊ?"

"मंग बुजवून द्या."

"बुजवायले बी गाडी पाठवा लागीन. लोक म्हणतीन, शेठनं अजून काही देल्लं." तो मनापासून हसला. "मी काही मागतलं का तुमाले? बहीण समजून देल्ली. तुमी विसरून जा."

त्यानं खरंच काही मागितलं नव्हतं, आणि तिला सगळ्यात जास्त चीड त्याचीच आली.

तिथून ती पंचायत समितीत गेली. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. तक्रार द्या, पण चौकशी आधी तुमच्याच घराची होईल, असं ते म्हणाले. बोर गावाला द्यायची तर ती ज्या जागेत आहे तेवढी जागा ग्रामपंचायतीला लिहून द्यावी लागेल. जागा कोणाच्या नावावर आहे? खेमसिंगच्या.

"दहा बाय दहा फूट, बापू," तिनं घरी येऊन सांगितलं. "फक्त तेवढी."

"तू पाच वर्ष सरपंच. जागा गेली तं कायमची गेली."

लखन जेवता जेवता म्हणाला, "घरात आलेलं पाणी बाहेर काढणारी तूच पाह्यली."

एव्हाना तांड्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या निळ्या पाईपाचा फोटो फिरत होता. खाली लिहिलं होतं, 'सरपंचबाईले बोर, शेठले डोंगर.' टाकणारा फुलसिंग, सरपंचपदाला तिच्याविरुद्ध पडलेला. लोक दिवसभर फोटोतलं खरं आहे का ते पाहायला यायचे आणि येताना हंडे घेऊन यायचे. जमनी तर नळाखाली हंडा लावून म्हणाली, "काही बी म्हण ममता, हे बरोबर नाई झालं. मी सभेत बोलणार हाये." हंडा भरला तशी तिनं दुसरा लावला.

"बोलजो," ममता म्हणाली. "पण मोटर बंद करून जाजो."

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं जागा लिहून देण्याचं संमतीपत्र पुन्हा खाटेवर ठेवलं. खेमसिंगनं तोंड फिरवलं. तेव्हा सुखीबाई ओट्यावरून बोलली. आठ दिवसांत ती पहिल्यांदाच या विषयावर बोलत होती.

"करा सही. मी चाळीस वर्ष डोक्यावर पाणी आणलं, कोणी चोरीचं नाई म्हटलं. आता घरात बसून पेते तं लोक माह्या गिलासाकडे पाह्यतेत. मले ते गिळवत नाई."

खेमसिंगनं संमतीपत्र जवळ ओढलं. मग त्यांनी पेन मागितला.

सभेत फुलसिंग पहिलाच उभा राहिला. "सरपंचबाईनं सांगावं, बोर कोणाची?"

"मारली शेठनं," ममता म्हणाली. "मी मागतली नोती. परत कराले गेली, त्याईनं घेतली नाई. आजपासून बोर अन् मोटर गावाची. हे बापूंच्या सहीचं पत्र. अंगणाचं तारेचं कुंपण उद्या मांग सरकते, बोर बाहेर राहीन." ग्रामसेवकानं पत्र वाचून दाखवलं. मग तिनं खदानीचा विषय घेतला आणि आपला विरोध पहिल्यांदा मोठ्यानं सांगितला.

हात वर करायची वेळ आली तेव्हा खदानीच्या बाजूनं सगळ्यात आधी फुलसिंगचा हात गेला. खदान झाली तर त्याचे दोन टिप्पर तिथं गिट्टी वाहायला लागणार होते, हे तिला त्याच दिवशी कळलं. जमनीनं विरोधात हात वर केला, पण बोलली काहीच नाही. ठराव अकरा हातांच्या फरकानं पडला.

लखन त्या दिवसापासून घरात मुक्यासारखा वागू लागला. ताट वाढलं की जेवायचा, उठून जायचा. कुंपण सरकवायलाही तो आला नाही. खांब ममता आणि खेमसिंग दोघांनीच रोवले.

महिन्याभरानं शेठचा फोन आला. पलीकडच्या गावानं त्याला आपल्या हद्दीतल्या खदानीचा ठराव दिला होता, काम सुरू झालं होतं.

"बाई, तुमच्यावर आपला राग नाई," तो म्हणाला. "पुढच्या निवडणुकीले काही लागलं तं हक्कानं सांगजा."

"शेठ, तुमाले एकदा सांगतलेलं समजत काहून नाई?"

"समजते ना बाई. तुमी मागत नाई, म्हणून तं मीच म्हणतो."

तिनं फोन कापला. बाहेर नळावर नंबरावरून दोघींची जुंपली होती आणि दोघीही सरपंचबाईच्या नावानं हाका मारत होत्या. चप्पल घालून ती बाहेर गेली.