अनुभवाचा रकाना

टाचणीचं टोक कागदाच्या मागून बाहेर आलं होतं आणि मुलाखतीला आत बोलावण्याची वाट बघत ती अंगठ्यानं ते पुन्हापुन्हा आत दाबत होती — अर्जाची चार पानं, आणि तिसऱ्या पानावर ‘अनुभव’ या रकान्यात ठळक टाइप केलेलं ‘लागू नाही’.

तीन महिने तिनं नोकरी शोधण्याचं काम परीक्षेच्या अभ्यासासारखं केलं होतं. वहीत कंपन्यांची नावं, समोर अर्ज धाडल्याची तारीख, उत्तराची तारीख आणि नकाराचं कारण. कारण सगळीकडे एकच — अनुभव नाही. अजून शेवटचं सत्र संपायचं होतं, विद्यार्थिनीनं अनुभव आणायचा कुठून... पोहता येईपर्यंत पाण्यात उतरायचं नाही, अशातली गत. आणि इकडे मामांनी ओळखीच्या एका कचेरीत टेलिफोनपाशी बसायची जागा बोलून ठेवलेली. हो की नाही ते शनिवारपर्यंत कळवायचं. आज शुक्रवार. चार वर्षं उपकरणांचं शास्त्र शिकून आता दुसऱ्यांचे फोन जोडून द्यायचे. मामा वाईट असते तर बरं झालं असतं, वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं.

शेजारचा उमेदवार डोळे मिटून उत्तरं पुटपुटत होता. समोर काचेपलीकडे प्रयोगशाळा होती आणि तिथली पांढऱ्या कोटातली मुलगी काट्यावर वजन ठेवत होती, अगदी कडेला, घाईघाईनं — आणि हिच्या तोंडून नकळत निघून गेलं, ‘मधोमध, मधोमध’. शेजाऱ्यानं डोळे उघडून पाहिलं. तिला स्वतःचंच नवल वाटलं, कारण तो आवाज तिचा नव्हताच, बाबांचा होता. वजनकाटे दुरुस्त करायच्या त्या बोळकांडीएवढ्या दुकानात, बारा वर्षांची असल्यापासून शाळा सुटल्यावर रोज ऐकलेला. अर्ज भरायच्या दिवशी बाबा कानशीनं काहीतरी घासत होते आणि मान वर न करताच म्हणाले होते, “दुकानाचं नको लिहूस गं. हसतील.” आणि मी मान डोलावली... नऊ वर्षं ज्यांच्या हाताखाली शिकले, त्यांना मी दोन शब्दांत पुसून टाकलं, तेही टाइप करून. तिच्या कानशिलांवर ऊन लागल्यासारखं झालं. बाबांना कुणी हसलं नव्हतं अजून. पहिल्यांदा लाजली होती ती तीच.

तिनं पेन काढलं. ‘लागू नाही’वर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं — नऊ वर्षं, वजनकाटे दुरुस्ती, वडिलांच्या दुकानात. अर्जाचा पार विचका झाला. बघतच राहावं इतका सुंदर विचका.

आत तिघे होते. मधल्या बाई तपासणी विभागाच्या प्रमुख. त्यांनी तिसरं पान उजेडात धरलं.

“हे पेनानं लिहिलंय. कधी?”

“आत्ता. बाहेर बसून.”

“आधी का नाही लिहिलंत?”

“लाज वाटत होती,” ती म्हणाली. आता वाटत नाही, हे सांगायची गरज तिला भासली नाही.

काटा चुकतोय हे कसं ओळखाल, असं बाईंनी विचारलं आणि पाठ केलेली उत्तरं कुठल्या कुठे पळाली. एकच वजन मध्ये ठेवायचं, मग चारही कोपऱ्यांत, आकडा हलतोय का बघायचं. दोन पारड्यांचा काटा असेल तर दोन्हीकडच्या वजनांची अदलाबदल करायची, म्हणजे चोर कुठल्या बाजूला ते कळतं — ती बोलत होती, हात बोलत होते, उजवीकडचे गृहस्थ खुर्ची पुढे ओढून ऐकत होते, आणि मध्येच तिला जाणवलं की ही माणसं माझी परीक्षा घेत नाहीयेत, मला विचारताहेत. फरक केवढा!

शेवटी बाई म्हणाल्या, आठवड्याभरात कळवू.

आठवडा म्हणजे शनिवारच्या पुढे. हे तिला जिन्यात उमगलं, आणि तिथेच, कठड्याला टेकून तिनं मामांना फोन लावला.

“मामा, त्या जागेवर दुसरं कुणी बघा.”

“मिळाली म्हणजे नोकरी तुला?”

“अजून नाही.”

मामा हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये वगैरे बरंच बोलले, प्रेमानंच बोलले, आणि तिनं सगळं ऐकून घेतलं. भीती होती, नाही असं नाही; पण ती कुठेतरी खालच्या पायरीवर बसून होती आणि ही वर उभी होती. हसू आवरत नव्हतं. सकाळपासून पहिल्यांदाच तिला सपाटून भूक लागली.