वाळ्याची काडी

हदगावात सरजाबाईच्या माठात उन्हाळा लागला की वाळ्याची जुडी पडायची. तिच्या आईच्या वेळेपासूनचा रिवाज तो. यंदा मे महिन्यात त्याच माठापाशी तिचा धाकटा भाऊ नागसेन आणि त्याची लेक बुद्धप्रिया भांडत बसले होते. नांदेडहून दोघं आले होते ते निवाड्यासाठी. बारशाला पोरीच्या कानात नाव सांगितलं ते सरजाबाईनं, तेव्हा आत्या म्हणेल ती पूर्व, एवढं मात्र बापलेकीला मान्य होतं.

पोरगी ध्रुवाकडच्या ढगांचा अभ्यास करायची. आता तिला वर्षभर दक्षिण ध्रुवाकडं जायचं होतं. नागसेनचं म्हणणं, ढग काय नांदेडात दिसत नाहीत? ती समजावून सांगत होती, की तिकडची हवा स्वच्छ. धूळ नाही म्हणून ढगांतले थेंब शून्याखाली गारठले तरी पाणीच राहतात. पाण्याचे ढग ऊन जास्त परतवतात, बर्फाचे झाले की कमी. धरती पुढं किती तापेल, हे ते ढग समजल्यावाचून नीट सांगता येत नाही.

"बर्फाच्या खणात पाणी ठेवलं की बर्फच होतो," नागसेन म्हणाला. "शेंबडं पोरगंबी सांगंल."

मग पैज लागली. बुद्धप्रियानं सकाळीच शुद्ध पाण्याची लहान बाटली फ्रीजच्या बर्फाच्या खणात ठेवली. दुपारची जेवणं उरकेपर्यंत पाणी पाणीच राहिलं, तर बापानं मुकाट हो म्हणायचं. तिनं बजावलं, बाटलीला कुणी हात लावू नका. बारीकसा कचरा आत पडला तरी त्याला धरून पाणी गोठतं.

जेवण अर्ध्यावर असताना नागसेन पाणी प्यायला म्हणून उठला. सरजाबाईनं मान वर केली नाही. लहानपणी चिंचोके खेळताना डाव हरायला आला, की हा असाच तहानेनं व्याकूळ व्हायचा, आणि परत येईतो तिचे चिंचोके कमी झालेले असायचे.

बाटली बाहेर काढली तर आत पांढराफेक बर्फ. पोरीचं तोंड उतरलं. नागसेन मिशीवर हात फिरवत बसला.

सरजाबाईनं बाटली उजेडात धरली. बर्फात तपकिरी धागा अडकला होता. तिनं भावाचा हात ओढला आणि बोटं हुंगली.

"नाग्या, वाळा घातलास तू."

"बरं, घातला. पर बर्फ झाला का न्हाई, आक्का?"

"झाला की. पर पोरीचं बोलणं तुला खोटं वाटत होतं, तर काडी घातली कशाला?"

बुद्धप्रिया पदराआड हसावं तशी ओढणीआड हसू लागली.

"पोरगी जाईल," सरजाबाईनं निवाडा दिला. "अन् ती माघारी येईस्तोवर माझे चिंचोके आणून दे."

नागसेन मोरीत जाऊन साबणानं हात धूत राहिला. वाळ्याचा वास काही केल्या जाईना.